आपल्या जागेत दुसऱ्याची गाडी

रात्री साडेनऊला दुकान वाढवून, रोजमेळ जुळवून गृहस्थ घरी पोहोचतो; आणि इमारतीखाली ज्या चौकटीत त्याच्या सदनिकेचा क्रमांक रंगवलेला आहे, तेथे अनोळखी गाडी उभी असते. गोष्ट तशी लहान. परंतु कॉलेज रोड, गंगापूर रोड किंवा इंदिरानगर येथील इमारतींतून, एकाच जिन्याने वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्या कुटुंबांचे बोलणे का बंद झाले याची चौकशी केली, तर हे कारण वारंवार पुढे येते. ज्यांच्या घरी लग्नपत्रिका आपण स्वतः जाऊन देतो, त्यांच्याशीच हा तंटा होतो.

उधारीचा वाद निघाला की व्यापारी आधी वही उघडतो. वाहनाच्या जागेबाबत मात्र तोच मनुष्य थेट आवाज चढवतो. ही जागा आपली असल्याचा कागद कोणता, हे त्याने पाहिलेलेच नसते. आणि महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर अनेकांना वाटते तितके सरळ नाही.

मुंबईत दहिसर पूर्व येथील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेचा खटला या संदर्भात वाचण्यासारखा आहे. इमारतीखाली खांबांमधील स्टिल्ट भागातील पार्किंगच्या २५ जागा आपल्या मालकीच्या आहेत, असा नहालचंद लालूचंद या विकासक कंपनीचा दावा होता. दिवाणी न्यायालय, उच्च न्यायालय व अखेर सर्वोच्च न्यायालय, तिन्ही ठिकाणी तो अमान्य झाला. ३१ ऑगस्ट २०१० रोजी न्या. आर. एम. लोढा व न्या. ए. के. पटनाईक यांच्या खंडपीठाने निर्णय दिला की, १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांबाबतच्या अधिनियमानुसार स्टिल्टमधील किंवा उघडी जागा ही सदनिका नव्हे आणि गॅरेजही नव्हे. ती सामाईक असल्याने विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही.

म्हणजे, बिल्डरला वेगळी रक्कम मोजून घेतलेली आणि साध्या चिठ्ठीवर लिहून दिलेली अशी जागा विकत घेतलेली ठरत नाही. संस्थेने ठरावाने वाटून दिली असेल, तर तिच्या वापराचा हक्क आपला, जमीन सर्वांची. २०१६ च्या रेरा कायद्यानेही उघडी पार्किंग सामाईक क्षेत्रातच धरली आहे. छप्पर व तीन बाजूंनी भिंती असलेले गॅरेज मात्र त्याने वेगळे मानले. नव्या प्रकल्पात घर घेणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य पाहावी. पार्किंगची लांबी, रुंदी, उंची व नेमके ठिकाण करारनाम्यासोबतच्या परिशिष्टात नोंदवावे, असे महारेराने २०२४ मध्ये बंधनकारक केले आहे.

नाशिककरांनी आणखी एक भेद ध्यानात घ्यावा. येथील पुष्कळ इमारती सहकारी संस्था नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. तेथे संस्थेचे भागपत्र नसते. घोषणापत्र व अपार्टमेंटचे खरेदीखत हेच आधार. विशिष्ट पार्किंग ठराविक सदनिकेसाठी राखीव सामाईक भाग म्हणून त्यांत नोंदले आहे की नाही, हे पाहावे. 

कागद हाती असला की पहिल्या रात्री फारसे काही करावे लागत नाही. पहारेकऱ्याला विचारावे, काचेवर दूरध्वनी क्रमांक असल्यास लावावा. बहुतेकदा गाडी कोणाच्या तरी पाहुण्यांची निघते. चातुर्मासात स्थानकाजवळील इमारतींत हे नित्याचेच. प्रवचनाला उशीर होऊ नये म्हणून समोरच्या इमारतीतील रिकामी चौकट घेणारे आपल्यातीलच असतात. न दिलेले घेणे याला आपल्याकडे अदत्तादान हा शब्द आहे, तो ‘पाच मिनिटांचेच काम आहे’ म्हणताना कोणाला आठवत नाही.

शेजारीच पुन्हा पुन्हा तसे करू लागला, तर तोंडी बोलणे थांबवून सचिवांना लेखी तक्रार द्यावी. सोबत तारीख-वेळ दिसेल असे छायाचित्र जोडावे आणि पोच घ्यावी. समितीने नोटीस द्यावी, दंडाचा निर्णय सर्वसाधारण सभेने उपविधींनुसार करावा. समिती हालत नसेल तर उपनिबंधकांकडे जाता येते. पुढे १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाचे कलम ९१ आहेच, पण तो मार्ग लांबचा. वाहतूक पोलिसांची उचलगाडी सार्वजनिक रस्त्यासाठी असते, इमारतीच्या आवारातील चौकटीसाठी ती मागवून उपयोग नाही. रुग्णवाहिकेची वाटच अडली असेल, तर मात्र ११२ वर कळवण्यास संकोच करू नये.

चाकातील हवा सोडणे, साखळी घालणे, आपली गाडी त्याच्या मागे आडवी लावून झोपी जाणे, हे प्रकार टाळावेत. नुकसान झाले, तर तक्रारदार तो ठरतो आणि ठाण्यात उत्तर आपल्याला द्यावे लागते.

दुकानापुढचा रस्ता हा विषय निराळा. सराफ बाजारात किंवा मेन रोडवर पायरीसमोर दगड, कुंडी, ‘ग्राहकांसाठी राखीव’ अशी पाटी ठेवली, तरी रस्ता महापालिकेचाच राहतो. घरी आपल्या चौकटीबद्दल काटेकोर असणारे काही जण येथे अगदी उदार हिशेब करतात!

एकत्र कुटुंबांची अडचण खरी आहे. तीन भाऊ, तीन गाड्या आणि चौकट एक. आदर्श उपविधींनुसार सामान्यतः एका सभासदाला एकच जागा मिळते, आणि मागणीपेक्षा जागा कमी असतील तर वाटप सोडतीने करायचे असते. दुसरी जागा शिल्लक असल्यासच, आणि तीही कायमची नव्हे. ‘आमचे वडील पहिल्यापासून येथेच लावत’ ही सबब तेथे टिकत नाही.

सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी व्हावी लागते, म्हणजे नेमकी चातुर्मासात. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी वेगळी जागा, त्यांची नोंदवही, चौकटींवर ठळक क्रमांक आणि दंडाची रक्कम हे चार विषय विषयपत्रिकेवर यावेत, असे पत्र सभासदाने सचिवांना आधीच द्यावे. २०२७ च्या सिंहस्थात शहरातील रस्ते वळवले जातील, बाहेरगावचे नातेवाईकही उतरतील; त्याआधी हा ठराव झालेला असावा.