ना गोदाम, ना गाडी... तरी माल घरपोच!

५ एप्रिल २०२०, रविवार. करोनाची टाळेबंदी सुरू होती. पंतप्रधानांच्या आवाहनानुसार रात्री नऊ वाजता कोट्यवधी घरांनी दिवे मालवले आणि नऊ मिनिटं पणत्या पेटवल्या. वीज अभियंत्यांचे डोळे मात्र एकाच आकड्यावर खिळले होते : ५०! मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने घटेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ती सुमारे ३१ हजार मेगावॅटने कोसळली. म्हणजे त्या वेळच्या मागणीचा पाव हिश्श्याहून अधिक भाग!

दिवे बंद झाले तर बचतच झाली की, त्यात घाबरायचं काय? इथंच वीज इतर मालाहून वेगळी ठरते. धान्य कोठारात राहतं, गॅस सिलिंडरमध्ये. विजेला असं कोठार नाही. बॅटऱ्या आहेत, पाणी पुन्हा धरणात चढवणारी काही जलविद्युत केंद्रंही आहेत; पण देशाच्या भुकेपुढे ही साठवण चिमूटभर. तुम्ही मिक्सर सुरू करता, त्याच क्षणी तेवढी वीज कुठे तरी तयार व्हावी लागते. हा मेळ जमला की प्रवाहाची सेकंदाला ५० आवर्तनं होतात. मागणी वाढली की आकडा घसरतो, पडली की चढतो. तो फारच ढळला, तर यंत्रं वाचवण्यासाठी वीजकेंद्रं आपोआप बंद पडतात.

मेळ जमला तरी वीज पोहोचवायची कशी? चंद्रपूरचं औष्णिक केंद्र कोळसा खाणींच्या शेजारी, तर मोठी गिऱ्हाइकं दूर मुंबई-ठाण्याकडे. प्रवाहामुळे तारा तापतात आणि वाटेतच वीज वाया जाते. त्यावर उपाय म्हणजे विजेचा दाब वाढवणं. दाब दहापट केला, तर तेवढीच वीज न्यायला एक दशांश प्रवाह पुरतो आणि तारेतली गळती शंभरावर एक उरते! म्हणूनच माळरानावरच्या उंच मनोऱ्यांवरून ४०० किंवा ७६५ किलोव्होल्टच्या तारा धावतात. चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातलं पडघे ही सुमारे ७५० किलोमीटरची लाइन तर खास डीसी प्रवाहाची. ५०० किलोव्होल्ट दाबाची ही लाइन १५०० मेगावॅट वाहून नेऊ शकते. पडघ्यात त्या विजेचं पुन्हा एसीत रूपांतर होतं. पुढे उपकेंद्रांमधून दाब टप्प्याटप्प्याने उतरत जातो आणि कोपऱ्यावरच्या डीपीतून २३० व्होल्टची वीज घरात येते.

वीज आहे, पण वाट अपुरी, असं झालं तर काय होतं, ते २०१२मध्ये दिसलं. पश्चिम भारतात वीज होती, उत्तरेला ती हवी होती. ३० जुलैच्या पहाटे अडीचच्या सुमारास ओझ्याने दमलेली बिना-ग्वाल्हेर लाइन बंद पडली. तिचा भार इतर लाइनींवर गेला, त्याही एकापाठोपाठ एक बंद झाल्या आणि उत्तर भारत अंधारात बुडाला. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरेसोबत पूर्व आणि ईशान्य भारतही कोलमडला. सुमारे ६० कोटी लोकांच्या भागात वीज गेली. रेल्वेगाड्या खोळंबल्या, दिल्लीची मेट्रो थांबली, बंगाल-झारखंडच्या खाणींत कामगार अडकले.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या लाइनने दक्षिण भारत उर्वरित देशाशी जोडला गेला आणि सारा देश एका तालात आला. याच देशव्यापी जाळ्याने २०२०ची ती रात्र निभावली. औष्णिक केंद्रं आधीच मंद करून जलविद्युत केंद्रं जोरात चालवून ठेवली होती. कारण पाण्यावरची यंत्रं काही मिनिटांत थांबवता आणि पुन्हा चालवता येतात. दिवे विझताच त्यांची १७ हजार मेगावॅटहून अधिक वीज कमी केली आणि दिवे लागू लागताच पुन्हा वाढवली. आकडा ५०च्या आसपासच राहिला. देशात कुठेही मोठा अंधार झाला नाही.

आता अशी परीक्षा रोजच असते. राजस्थान-गुजरातची सौरवीज सूर्यास्ताबरोबर आटते आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे लागतात. जलविद्युत, कोळसा आणि दूरवरच्या तारा मिळून ही खिंड लढवतात. संध्याकाळी इस्त्री किंवा वॉशिंग मशीन लावण्याआधी ते काम दुपारी उरकता येईल का, एवढा विचार आपणही केला, तर या तारांवरचं ओझं थोडं तरी हलकं होईल.