फादर स्टॅन स्वामी आणि आपल्या पुढाऱ्यांची कसोटी

पुरोहिताशी आपला हिशेब १९५६ सालीच चुकता झाला. १४ ऑक्टोबरला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चांद्यात. तेव्हापासून झगा कोणत्याही धर्माचा असो, त्याच्याकडे संशयाने पाहण्याची आपल्या कार्यकर्त्याला सवय आहे आणि ती सवय वाईट नाही. माझ्याही मनात पाद्र्यांबद्दल किंतु होता. पण फादर स्टॅन स्वामी यांच्या जामिनाची हकीकत वकील म्हणून वाचत गेलो, तेव्हा तो किंतु बाजूला ठेवावा लागला.

हे जेझुईट धर्मगुरू तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्ली भागातले, जन्म १९३७चा. बंगळुरूच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूटचे संचालकपद दशकभर सांभाळून ते पुढे झारखंडच्या आदिवासींत जाऊन राहिले. तिथे त्यांनी लोकांना काय सांगितले? पाचवी अनुसूची, १९९६चा पेसा कायदा, २००६चा वनहक्क कायदा आणि आदिवासींची जमीन खासगी खाणमालकांच्या घशात जाऊ न देणारा १९९७चा समता निकाल. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, तो याच कायद्याने. म्हणजे येशूचा हा अनुयायी बाबासाहेबांचे संविधानच गावोगाव नेत होता.

नक्षलवादी ठरवून तुरुंगात टाकलेल्या आदिवासी तरुणांचा त्यांनी अभ्यास केला आणि या कच्च्या कैद्यांसाठी झारखंड उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जंगलपट्ट्यात फौजदारी वकिली करणाऱ्याला यातले दुःख वेगळे सांगावे लागत नाही. आरोपीला कोर्टाची भाषा कळत नाही, बापाकडे तारखेला यायला एसटीचे भाडे नसते, आणि जामीन राहील असा सातबारावाला गावात सापडत नाही.

६ जून २०१८ रोजी एल्गार परिषद-भीमा कोरेगाव प्रकरणात नागपूरचे ॲड. सुरेंद्र गडलिंग आणि गडचिरोलीत ग्रामसभांबरोबर काम करणारे महेश राऊत यांना अटक झाली. त्याच प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी एनआयएने रांचीजवळच्या ‘बगईचा’ या केंद्रातून ८३ वर्षांच्या फादरना उचलले आणि तळोजा तुरुंगात आणले. कंपवाताने त्यांचे हात थरथरत. पेला तोंडाला लावता येत नसे. ६ नोव्हेंबरला त्यांनी कोर्टाकडे मागितले काय, तर पाणी प्यायची नळी आणि झाकणाचा पेला. एनआयएने उत्तराला २० दिवस घेतले आणि सांगितले की, ती वस्तू आमच्याकडे नाही. तारीख होती २६ नोव्हेंबर, संविधान दिन! मग नवा अर्ज, तुरुंगाचा अहवाल, पुढची तारीख.

हे केवळ एखाद्या अधिकाऱ्याच्या निर्दयतेतून घडले असे म्हणणे सोपे आहे. खरी मेख यूएपीएच्या कलम ४३-ड (५) मध्ये आहे. आरोप प्रथमदर्शनी खरे वाटले की न्यायाधीशाने जामीन द्यायचा नाही. त्या टप्प्यावर आरोपीच्या पुराव्याला जागाच नाही. २२ मार्च २०२१ला विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. २१ मे रोजी फादरनी उच्च न्यायालयाला व्हिडिओवरून सांगितले की, तळोजात आलो तेव्हा आपल्या हाताने जेवत होतो, चालत होतो. आता तेही होत नाही. सरकारी रुग्णालय नको, आपल्या माणसांत जाऊ द्या, एवढीच त्यांची मागणी. पुढे त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवले, तिथे करोना निघाला. ५ जुलैला जामिनाची सुनावणी सुरू असतानाच ते गेल्याचे कोर्टाला सांगण्यात आले. त्यांच्या संगणकात कागदपत्रे बाहेरून घुसवली होती, असे अमेरिकेतल्या आर्सेनल या तपासणी संस्थेने सांगितले ते डिसेंबर २०२२मध्ये. एनआयएचे आरोप सिद्ध झाले नाहीत आणि खोटेही ठरले नाहीत, कारण खटलाच उभा राहिला नाही.

चर्चचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. तिरुचिरापल्लीतल्याच एका ख्रिस्ती दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या ठेवणाऱ्या भिंतीवरून वाद झालेले आहेत. १९५० सालच्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडले. दलित ख्रिश्चन अजून बाहेरच आहेत, आणि त्यांच्या बाजूने बोलायला आपल्यातलेही अनेक जण कचरतात. पण फादर अडकले तेव्हा बिशपांनी सुटकेची मागणी केली, जेझुईट संघ मागे उभा राहिला, आणि मृत्यूनंतर मुंबईच्या झेवियर्स कॉलेजचे माजी प्राचार्य फादर फ्रेझर मस्करेन्हास त्यांच्यावरचा डाग पुसण्यासाठी उच्च न्यायालयात गेले. मेलेल्या माणसासाठी कोर्टाची पायरी चढणे सोपे नसते, हे आम्हा वकिलांना ठाऊक आहे.

गडलिंग आमच्याच व्यवसायातले, आपल्याच विदर्भातले. त्यांच्या अटकेनंतर आपल्या विहारांतून किती सभा झाल्या, किती पुढारी तळोजाच्या फाटकापर्यंत गेले, हे प्रत्येकाने आपापल्या तालुक्यापुरते आठवून पाहावे. माझ्या तालुक्यातले उत्तर मला माहीत आहे, आणि त्यात मीही आहे.