आधी परवाना, मग बदली

नोंदणीशिवाय ‘बिहेविअर अ‍ॅनालिस्ट’ (वर्तन-विश्लेषक) ही उपाधी लावायला कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात 1 जुलै 2024 पासून मनाई आहे. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तेव्हा असा परवानाच नव्हता. एका प्रांताचा परवाना दुसऱ्याने मानावा, असं 2017 चा कॅनडाचा आंतरप्रांतीय व्यापार करार सांगतो. पण व्हँकुव्हरहून ऑन्टारिओतल्या टोरांटोला जाणाऱ्याकडे परवानाच नसेल, तर करार काय कामाचा? उरतं वर्तन-विश्लेषकांना प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी मंडळाचं बीसीबीए प्रमाणपत्र, आणि भारतात राहून त्यासाठी नव्याने अर्ज करणंही 2023 पासून बंद आहे. परवान्याने नवागतांची अडवणूक होईल, ही भीती रास्तच आहे. मात्र 1 जुलै 2024 लाच ब्रिटिश कोलंबियात लागू झालेला कायदा कायद्याने नियमन होणाऱ्या 29 व्यवसायांत कॅनडातल्या अनुभवाची अन्यायकारक अट रोखतो. हे संरक्षण वर्तन-विश्लेषकांना मिळालं नाही, कारण त्यांच्या व्यवसायाचं तिथे नियमनच होत नव्हतं.