चारी बाजूंनी ताई

शिल्पकाराने पहिल्यांदा विचारले ते ताईच्या कानांबद्दल. टेबलावर तिचे ढीगभर फोटो पसरले होते, पण कान एकातही धड दिसेना. कुठे केस आड आलेले, कुठे पदर, आजारपणातल्या फोटोंत स्कार्फ. आपण माणसाला समोर उभे करतो, हसायला सांगतो आणि फोटो काढतो. व्यक्तिशिल्पाला मात्र चारी बाजू लागतात.

“सख्ख्या बहिणी ना? मग तुम्ही बसा,” तो मला म्हणाला.

सावर्ड्यात सह्याद्री कला महाविद्यालय आहे, त्यामुळे मातीत हात घालणारी मुले इथे नवलाची नाहीत. हाही तिथेच शिकलेला. तरी घरच्या बाईचा अर्धपुतळा करायचा म्हटल्यावर नातेवाइकांनी भुवया उंचावल्या. पुतळा चौकात, तोही नेत्याचा, अशीच आपली सवय. पण पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवणाऱ्या नानासाहेब करमरकरांनी सासवण्याची कोळीणही तितक्याच जिव्हाळ्याने घडवली. मग ताईने काय कमी केले होते?

त्याने कॅलिपर लावून माझे कपाळ, हनुवटी, कानापासून नाकाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजले. हाडांची ठेवण भावंडांत बरीचशी सारखी सापडते, म्हणाला. फळीवर उभा गज होता. त्याला तारेने लाकडाच्या छोट्या फुल्या टांगलेल्या, वजनाने माती खाली सरकू नये म्हणून. त्यावर शाडूचे गोळे थापत आधी डोके उभे राहिले, मग डोळ्यांच्या खोबण्या, मग नाक. काम थांबले की ओले फडके आणि वरून प्लास्टिक. माती सुकली की तडे जातात.

गाल काही जमेनात. ताईला रक्ताचा कर्करोग होता. परळच्या टाटा रुग्णालयाच्या फेऱ्यांत स्टिरॉइडने तिचा चेहरा सुजून गोल झाला होता, आणि आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तोच उरला होता. मीसुद्धा नकळत त्याला तेच सांगत राहिले, थोडे भरा, अजून थोडे भरा.

मग एका दुपारी आई आली. बराच वेळ बघत राहिली. “ही आजारातली आहे,” म्हणाली.

“काकू, हातानेच दाखवा.”

आईने चष्मा कपाळावर सारला, दोन्ही अंगठे गालांच्या हाडांखाली टेकवले आणि दाबून खाली ओढले. जराही न चाचपडता. तिथे खळगे पडले आणि जबड्याची रेघ वर आली. शिल्पकाराने ते खळगे तसेच ठेवून बाकीचा चेहरा त्यांना जुळवून घेतला. त्यानंतर मला एकेक आठवू लागले: हसताना तिचा वरचा ओठ आत जायचा, डावी भुवई किंचित वर असायची.

साचा काढायच्या दिवशी आई आली नाही, ते बरेच झाले. कानांच्या मागून डोक्यावर पत्र्याचे तुकडे ओळीने खोचले. नीळ घातलेल्या प्लास्टरचा पहिला पातळ थर दिला, त्यावर पांढरा जाड थर. प्लास्टर आळताना गरम होते. साचा उघडल्यावर आतली माती खरवडून काढावी लागते. एवढ्या कष्टाने घडवलेला चेहरा घमेल्यात पडतो. ते बघवत नाही. साचा धुऊन, साबणाचे पाणी लावून आत प्लास्टर आणि काथ्या भरला, आणि शेवटी छिन्नी हातात घेतली. पांढरे टवके उडत असतात तोवर हात मोकळा चालतो. निळा थर दिसला की ताई जवळ आली! तिथून हलके हलके टोले. कानाच्या पाळीला त्याने सगळ्यांत जास्त वेळ दिला.

आता ती ओटीवर, खिडकीशी असते. आईने हार घालू दिलेला नाही. आलेगेले विचारतात, पण आई कर्करोगाचे काही बोलत नाही. सावर्डे स्टेशनात दिव्याची पॅसेंजर चुकली तेव्हा ताईने पिशवीभर फणसाच्या साठांसह रिक्षा चिपळूणला पळवायला लावून तीच गाडी कशी गाठली, ते सांगते.