रात्रीची लाइट

रात्री 8.45. उंब्रज. तात्यांचं जेवण सातलाच उरकलंय. पिशवीत टेस्टर, पान्हा, फ्यूजची तार. खांद्यावर खोरं, पायात गमबूट, हातात बॅटरी. आज मी सोबत आहे. शेतीची लाइट या आठवड्यात रात्रीची आहे, साडेनऊ ते साडेसात. दिवसाच्या आठवड्यात आठच तास मिळते. कृष्णेवर चौघांची सामाईक मोटर आहे, 10 एचपीची. तिचे ऑपरेटर तात्या, पाटकरीही तेच. चौघं मिळून महिन्याला नऊ हजार देतात.

9.10. नदीकाठ. तारळी कृष्णेला मिळते ती जागा जवळच आहे. मार्च असूनही पात्रात पाणी आहे, कारण वर धरणं आहेत. धोमच्या पायथ्याला 2 मेगावॅटचं वीजघर आहे, कण्हेरच्या पायथ्याला 4 मेगावॅटचं. डोंगरापलीकडे कोयनेचा सगळा पसारा, 1960 मेगावॅटचा. वीज इतक्या जवळ तयार होते, तरी तिची वेळ पाहून तात्यांना झोपावं लागतं. मला ते खुपतं. तात्या त्याबद्दल काही बोलत नाहीत. पाइपाच्या तोंडाच्या फुटव्हॉल्व्हमध्ये शेवाळ अडकलंय, ते गुडघाभर पाण्यात उतरून हातानं काढतात.

9.30. स्टार्टरच्या पेटीवरचे तिन्ही दिवे लागतात. पेटीत ऑटो आहे, पण तात्या तो बंद ठेवतात. लाइट येताच साऱ्या मोटरी एकदम उठल्या तर डीपीवर लोड येतो आणि फ्यूज जातो. ते दहा मिनिटं थांबतात. पाइपात बादलीनं पाणी भरतात, हवा काढतात आणि मगच हिरवं बटण दाबतात.

10.20. उसात दारं धरायचं काम. एक सरी भरली की बांध घालायचा, पुढचं दार मोडायचं. खोऱ्याचे चार-पाच घाव, की पुन्हा उभं राहायचं. ऊस डोक्याच्या वर गेलाय. पाचट वाजलं की तात्या बॅटरी फिरवतात आणि मोठ्यानं खाकरतात. या भागात उसात बिबट्या असतो. त्यांच्या खिशातल्या मोबाइलवर भजन चालू असतं, तेही त्याच्यासाठीच.

1.40. पाणी बारीक झालं. तात्या अंधारातून मोटरीकडे पळतात, मी मागं. व्होल्टेजचा काटा 340 वर आलाय, अँपिअर चौदावरून सतरावर चढलेत. मोटरीच्या अंगाला हात लावून ते लगेच बंद करतात. “जळली तर रिवाइंडिंगला सहा हजार. शिवाय चार दिवस ऊस तहानलेला.” पोत्यावर बसून आम्ही वाट पाहतो. थर्मासमधला चहा संपतो.

2.25. काटा 390. मोटर चालू. गेलेला पाऊण तास कुणी भरून देत नाही.

4.30. दुसऱ्या भागीदाराचं शेत. पहिल्यांचं अर्धं एकर कोरडंच राहिलंय, त्यांना सकाळी सांगावं लागेल. बोलणी तात्याच खाणार. त्यांचे हात पाण्यानं पांढरे पडलेत, अंगठ्याजवळची जुनी भेग उघडलीय. थंडी असो नसो, पाटात उभं राहिलं की पाय बधिर होतात.

7.30. लाइट जाते. तात्या स्टार्टरची पेटी कुलूपबंद करतात.

8.00. चौकात चहा. पैसे तात्या मला देऊ देत नाहीत. एक भागीदार बिल घेऊन आलाय. एप्रिल 2024 पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बिल माफ आहे. यांची मोटर दहाची, म्हणून बिल चालूच. साडेसातची बसवावी तर पाणी वरच्या शेतापर्यंत चढेल का, यावर दोघांचं बोलणं होतं. तात्या म्हणतात, “चढंल. पण एकरामागं वेळ जास्त जाईल.” जास्तीचा तो वेळ कुणाचा, हे भागीदार विचारत नाही. मग कोरड्या अर्ध्या एकराचा विषय निघतो. आज रात्री आधी तेच भिजवायचं ठरतं.