मोराचा पत्ता

भाचीच्या लग्नात आईने रुखवत केलं, ते 2007 साली. सुपारीचे नवरा-नवरी, मण्यांचं तोरण आणि कोरलेल्या खोबऱ्याच्या वाट्या. खोबरं ते किती टिकणार? म्हणून मी फोटो काढले आणि नातेवाइकांना बघता यावेत म्हणून इंटरनेटवर लिहायला बसले.

मजकूर झाला, पण फोटो काही त्यात चिकटेना. भाचा हसायला लागला. "मावशी, फोटो चिकटवायचा नसतोच. तो ठेवायचा दुसरीकडे, इथे फक्त त्याचा पत्ता."

अहो, ती पत्ता द्यायची खूण म्हणजे अगदी विणकामाच्या टाक्यांसारखी! कोनी कंस, आयएमजी, थोडी जागा, एसआरसी, बरोबरचं चिन्ह, अवतरणात फोटोचा पत्ता, कंस बंद. एक अवतरण सुटलं की वीण बिघडलीच. मार्क अँड्रीसनने 1993 साली ही खूण सुचवली तेव्हा तो अवघा 21 वर्षांचा होता म्हणे. आमच्या भाच्याच्याच वयाचा की!

"आता ऑल्ट लिही," भाचा म्हणाला. म्हणजे चित्रात काय आहे ते शब्दांत. ज्यांना दिसत नाही त्यांना संगणक ते वाचून दाखवतो आणि फोटो आलाच नाही तर त्याच्या जागी हेच शब्द दिसतात. कुकर लावायचा होता, तरी लिहिलं: "खोबऱ्याच्या वाटीवर मोर. तुरा तुटला होता, आईने साखरेच्या पाकाने चिकटवला."

फोटो एका फुकटच्या जागी ठेवले होते. ती जागा पुढे बंद झाली. संगणक तर त्याआधीच भंगारात गेलेला. मैत्रिणींनो, फोटोची एक मूळ प्रत घरात वेगळी ठेवाच. मी ठेवली नाही. मला वाटायचं, चित्र त्या मजकुरातच आहे. 2011 साली आई गेली, तेव्हाही मनात तेच होतं, रुखवताचे फोटो आहेत ना!

परवा ते लिखाण उघडलं. प्रत्येक फोटोच्या जागी फाटक्या कागदाची बारीकशी खूण, शेजारी माझे शब्द. भाचीची मुलगी मांडीला मांडी लावून बसली होती. तिने मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "आजी, मोर कुठे बघत होता?"

मला आठवेना.