पोलिसांची स्वतःची फॉरेन्सिक लॅब असावी का? (भागाचं लिखित रूप)

रावेतहून बोलतोय. ज्यांचे इयरफोन घरी राहिलेत किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोलताना मधे मधे आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ तेवढे काढलेत, बाकी सगळं तेच आहे.

मागे सायबर फसवणुकीवर बोललो होतो, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं: पोलिसांनी फोन जप्त केला की पुढे त्याचं काय होतं? रिपोर्ट यायला एवढा वेळ का लागतो? पिंपरी-चिंचवड पोलिसांनी स्वतःचीच लॅब का काढू नये? तिसऱ्या प्रश्नाला मी आधी पटकन ‘हो, काढावी की’ म्हणणार होतो. पण नीट वाचल्यावर कळलं, उत्तर तेवढं सरळ नाहीये.

नमुना जातो कुठे?

आपलं पोलीस आयुक्तालय तसं तरुण आहे. १५ ऑगस्ट २०१८ ला ते सुरू झालं. पुणे शहर आणि पुणे ग्रामीण यांची मिळून १५ पोलीस ठाणी त्यात आली. एकीकडे हिंजवडी, वाकड, सांगवी, तर दुसरीकडे चाकण, आळंदी, तळेगाव. आयटी कंपनीतली डेटा चोरी, एमआयडीसीतली मारामारी, हायवेवरचा अपघात आणि भाड्याच्या खोलीतला संशयास्पद मृत्यू, हे सगळं एकाच आयुक्तालयाच्या वाट्याला येतं.

या गुन्ह्यांतला मुद्देमाल तपासते ती लॅब मात्र पोलिसांची नसते. तिचं सरकारी नाव ‘न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा’. मुख्यालय मुंबईत, सांताक्रूझच्या कलिना भागात. प्रादेशिक लॅब नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर अशा शहरांत. आपल्यासाठी जवळची म्हणजे पुण्यातली, गणेशखिंडची. हे संचालनालय गृह विभागाखाली येतं, पण आपल्या पोलीस आयुक्तांच्या हाताखाली येत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शिवाय तळेगावजवळ केंद्र सरकारचीही एक फॉरेन्सिक लॅब आहे. म्हणजे रावेतपासून लॅब लांब आहेत असं नाही. अडचण अंतराची नसून रांगेची आहे. गणेशखिंडला फक्त आपल्याच शहराचा मुद्देमाल येत नाही.

पोलीस ठाण्यात या रिपोर्टला सगळे ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात. आपल्या चार्टर्ड अकाउंटंटशी त्याचा संबंध नाही, सीए म्हणजे केमिकल ॲनालायझर. ब्रिटिशांच्या काळातलं पद, नाव अजून चिकटून आहे.

बोटांच्या ठशांची गोष्ट मात्र वेगळी. ते काम पहिल्यापासून पोलिसांकडेच आहे. राज्याचा अंगुली मुद्रा विभाग सीआयडीत येतो, आणि सीआयडीचं मुख्यालय पुण्यात. म्हणजे ‘इन-हाउस फॉरेन्सिक’ ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. काही शाखा पोलिसांत आहेत, काही बाहेर.

उशिराची किंमत कोण भरतं?

आरोपी कोठडीत असेल, तर पोलिसांना दोषारोपपत्र ६० किंवा गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत द्यावं लागतं. नाही दिलं, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. त्यामुळे पुष्कळदा दोषारोपपत्र आधी जातं आणि ‘सीए रिपोर्ट मागाहून सादर करत आहोत’ असं त्यात लिहिलेलं असतं.

आता दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. एक, जिच्या मुलीचा संशयास्पद मृत्यू झालाय अशी आई. व्हिसेरा लॅबमध्ये आहे, आणि विष होतं की नाही हेच कळत नाही, त्यामुळे केस जागची हलत नाही. दुसरा, पावडर सापडली म्हणून पकडलेला मुलगा. ती पावडर खरंच अमली पदार्थ आहे का, हे लॅब सांगेल. ती नसेलच, तर रिपोर्ट येईपर्यंत आत काढलेले दिवस त्याला कोणी परत देत नाही. उशीर दोघांनाही मारतो.

त्यात १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, पुरावे गोळा करायचे आणि त्याचं व्हिडिओ चित्रीकरण व्हायचं. हे बंधनकारक कधीपासून करायचं ती तारीख पाच वर्षांच्या आत ठरवायची मुभा राज्यांना आहे. महाराष्ट्राने तयारी म्हणून २०२५ च्या जानेवारीत फिरत्या फॉरेन्सिक व्हॅनचा पहिला ताफा रस्त्यावर आणला. एकूण अडीचशेहून जास्त व्हॅनची योजना आहे.

व्हॅन चांगलीच गोष्ट आहे. पण आपल्या भाषेत सांगतो: इनपुट वाढवलं आणि प्रोसेसिंग तेवढंच ठेवलं, की क्यू फुगतो. व्हॅन जास्त नमुने आणि चांगले नमुने गोळा करणार. ते तपासणारे लोक आणि मशीन वाढले नाहीत, तर रांग लांबतच जाणार.

फोन लॅबमध्ये गेला की

हा माझ्या आवडीचा भाग आहे, तेव्हा इथे जरा थांबतो.

फोन जप्त झाला की सगळ्यात आधी त्याचं नेटवर्क तोडायचं असतं. फ्लाइट मोड तरी, नाहीतर फॅरेडे बॅग, म्हणजे सिग्नल अडवणारी धातूच्या अस्तराची पिशवी. कारण फोन नेटवर असेल, तर बाहेरून कोणी तो रिमोटने पुसून टाकू शकतं. मग पंचनामा, सील, पंचांच्या सह्या.

लॅबमध्ये मूळ फोनवर किंवा हार्ड डिस्कवर थेट काम करत नाहीत. आधी कॉपी काढतात. हार्ड डिस्क असेल तर मधे ‘राइट ब्लॉकर’ नावाचं यंत्र लावतात. त्यातून डेटा वाचता येतो, पण डिस्कवर एक बिटही लिहिलं जात नाही. मग त्या कॉपीचा हॅश काढतात.

गिट वापरणाऱ्यांना हॅश माहीत आहे. प्रत्येक कमिटला ते लांबलचक अक्षर-आकड्यांचं नाव असतं ना, तेच. एसएचए-२५६ मध्ये फाइल कितीही मोठी असो, ६४ अक्षरांचा एक ठसा मिळतो. फाइलमधला एक स्वल्पविराम बदला, ठसा पूर्ण बदलतो. त्यामुळे दोन वर्षांनी कोर्टात हॅश जुळला, तर मधल्या काळात कोणी काही घुसडलेलं नाही हे दाखवता येतं.

हे आता कायद्यातच आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग. एक, पुरावा देणाऱ्याने भरायचा. दुसरा, तज्ज्ञाने. फॉर्मवर हॅशचा रकाना आहे: एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ किंवा इतर. आता एसएचए-१ मध्ये दोन वेगळ्या फाइलींचा एकच हॅश करून दाखवला गेलाय, २०१७ मध्ये. एमडी-५ तर त्याच्याही आधी मोडलं. तेव्हा माझ्यासारखा माणूस २५६ वरच टिक करेल.

या प्रमाणपत्राचं महत्त्व जालन्याच्या एका केसने शिकवलं. २०१४ ची विधानसभा निवडणूक. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला का, हा वाद होता, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण हा पुरावा. व्हिडिओ होता, पण त्याचं प्रमाणपत्र मागूनही मिळेना. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. जुलै २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं: मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल, तर प्रमाणपत्र हवंच. पण एखाद्याने ते मिळवायचे सगळे प्रयत्न करूनही समोरचा देत नसेल, तर त्याची शिक्षा त्याला नको. तेव्हा जुन्या कायद्यातलं कलम ६५-ब होतं, आता ६३ आहे.

लॅब उत्तम, पण बाटलीत कोणाचं रक्त?

१९ मे २०२४ ची कल्याणीनगरची पोर्शे केस तुम्हाला आठवत असेल. आपल्यासारखेच दोन तरुण इंजिनिअर त्यात गेले. गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाचं रक्त ससून रुग्णालयात घेतलं गेलं. पोलिसांनी नंतर औंधच्या सरकारी रुग्णालयात दुसरा नमुना घेतला होता, डीएनए जुळवण्यासाठी. दोन्ही लॅबमध्ये ताडून पाहिले, तर ते एकाच माणसाचे नव्हते. ससूनमधला नमुना बदलल्याचा आरोप झाला, डॉक्टरांना अटक झाली. निकाल कोर्ट देईल.

यात लॅबने आपलं काम चोख केलं. गडबडीचा आरोप आहे तो लॅबच्या आधीच्या टप्प्यावर. म्हणजे नमुना कोणी घेतला, कोणी सील केला, कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला, ही साखळी. आणि ती पकडली गेली ती दुसऱ्या, वेगळ्या ठिकाणी घेतलेल्या नमुन्यामुळे. सगळं एकाच छताखाली असतं, तर ही दुसरी नजर मिळाली असती का?

बाहेरच्यांनी काय शिकलं

अमेरिकेत ह्यूस्टन पोलिसांची स्वतःची क्राइम लॅब होती. २००२ मध्ये ऑडिट झालं आणि डीएनए विभाग बंद करावा लागला. प्रशिक्षण अपुरं, कामाची पद्धत ढिसाळ, छतसुद्धा गळत होतं. जोसिया सटन नावाचा मुलगा १६ व्या वर्षी पकडला गेला होता. या लॅबच्या डीएनए रिपोर्टवर त्याला शिक्षा झाली. पुन्हा तपासणी केली तेव्हा नमुना त्याचा नव्हताच. २००३ मध्ये तो सुटला. २००९ मध्ये तिथल्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेसने देशभरासाठी शिफारस केली, की लॅब पोलिसांच्या नियंत्रणातून बाहेर काढा. ह्यूस्टनने २०१४ मध्ये लॅबचा कारभार वेगळ्या संस्थेकडे दिला. ती संस्था आता नेहमीच्या कामात गुपचूप खोटे नमुने घुसवते आणि तपासणारे काय उत्तर देतात ते पाहते. सॉफ्टवेअरमध्ये आपण टेस्ट केस लावतो, तसंच.

इंग्लंडने उलटं केलं. सरकारी फॉरेन्सिक सायन्स सर्व्हिस २०१२ मध्ये बंद केली. काम खासगी कंपन्यांकडे आणि पोलिसांच्या स्वतःच्या लॅबकडे गेलं. २०१९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने या व्यवस्थेवर कडक टीका केली.

यात पोलीस वाईट असतात असं मी म्हणत नाहीये. तपास अधिकाऱ्याला वाटत असतं की हाच माणूस गुन्हेगार. तेच वाटणं शेजारच्या टेबलवरच्या तपासनिसाला कळलं, तर अर्धवट जुळणारा ठसाही जुळल्यासारखा वाटू लागतो. माणसाचं डोकं असंच चालतं. म्हणून कोड लिहिणाऱ्यानेच स्वतःचा कोड मंजूर करायचा नसतो.

मग आपल्याकडे काय हवं?

माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा.

पोलिसांकडे असावं ते पहिल्या तासाचं काम. घटनास्थळावरून नमुने नीट उचलणं आणि सील करणं, ठसे उठवणं, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून फुटेज वेळेत काढणं, फोनची कॉपी आणि हॅश. यातलं डिजिटल काम पोलिसांना नवीन नाही. २०१६ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत सायबर लॅब आल्याच. आयुक्तालयाने याच बाजूला माणसं आणि यंत्रं वाढवली, तर खूप फरक पडेल. कॉपी लगेच निघाली, तर फिर्यादीचा फोनही लवकर परत मिळू शकतो.

डीएनए, विषतपासणी, बंदुकीच्या गोळ्यांची तपासणी, म्हणजे ज्यावर कोणाची जन्मठेप ठरू शकते, ते गणेशखिंडसारख्या वेगळ्या लॅबमध्येच राहावं. पण तिथे जागा भराव्यात, मशीन वाढवावीत.

आणि पोलिसांची लॅब असो वा सरकारची, एनएबीएलची मान्यता, ह्यूस्टनसारखी गुप्त चाचणी आणि आरोपीच्या वकिलालाही कच्चा डेटा मिळणं, हे तिन्ही हवंच. नाहीतर आपण फक्त चकचकीत खोली बांधू. फीत कापायला मशीन पुरतं, पण कोर्टात उभं राहून उलटतपासणीला उत्तर द्यायला माणूस लागतो.

तुमच्या हातात काय आहे

समजा मुकाई चौकात अपघात झाला, किंवा सोसायटीत चोरी. सीसीटीव्हीचा डीव्हीआर जागा संपली की जुनं फुटेज पुसून त्यावर नवं लिहीत जातो. तेव्हा पोलिसांना लगेच सांगा, आणि डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते लिहून ठेवा.

ऑनलाइन पैसे गेले, तर लगेच १९३० ला फोन करा. चॅट डिलीट करू नका, ॲप उडवू नका, फोन फॉरमॅट करू नका. स्क्रीनशॉट काढा जरूर, पण मूळ मेसेज फोनमध्ये राहू द्या. व्हिडिओ पुरावा असेल, तर मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो, म्हणजे फाइल बदलते, आणि हॅश जुळत नाही.

फोन जप्त झाला, तर पंचनाम्यात आयएमईआय नंबर आणि फोनची अवस्था नीट लिहिली आहे का ते वाचूनच सही करा.

पुढच्या भागात डीएनए जुळणं म्हणजे नेमकं काय, ‘९९ टक्के जुळला’ असं म्हणणं का चुकीचं, यावर बोलू. तुमच्यापैकी कोणी लॅबमध्ये किंवा पोलीस खात्यात असाल आणि माझं काही चुकत असेल, तर नक्की कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवेन. काळजी घ्या.